रिकाम्या पट्ट्या

ठाकरवाडी,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

आरते,

फोन उचलत न्हाईस, म्हणून कागद घेतला. सातवीपतूर शिकलेली बाई हाय मी, लिवता येतं मला. शिदूला बुधवारी तुंगार्लीच्या बंगल्यावरनं सुट्टी असती, तवा तो तुझ्या हॉस्टेलात आणून दील. राग माझ्यावर हाय, तर माझ्यावरच ठेव. त्याला दारातनं परत लावू नगंस. आतेभाऊ हाय तुझा. तुझी आय तुला जलम देऊन गेली तवा एका अंगाला तू आन् एका अंगाला शिदू, अशी प्यायला घेऊन बसायचे मी. हे तुला पाठ हाय, तरी लिवते, कारण त्या दिवशी तू इसरलीस.

त्या दिवशी काय झालं ते मी माझ्या तोंडानं सांगते. पुण्यात जाऊन तू कुणाला काय सांगितलं आसंल ते देव जाणे. सिस्टरनं आपल्या शिदूच्या चिंगीचं बोट टोचलं. रक्ताच्या मशीननं सात दाखवलं, पायजे अकरा. तू म्हणालीस, "असं कसं होईल? माझ्या वहिनीनं लोहाच्या गोळ्यांच्या बारा पट्ट्या खाल्ल्यात. वहीत लिहिलंय." सिस्टर म्हणाली, मशीनला वही वाचता येत न्हाई. मला हसू आलं, तू माझ्याकडं बगितलंस, मी पदर तोंडाला लावला. मग तू दुसरी मशीन मागवलीस, तीबी सातच बोलली. तवा तू वट्यावर बसून एकेकीचं नाव काढून वही चाळाय लागलीस. जेवली सुदिक न्हाईस. उठलीस तवा तुझे डोळे येगळेच व्हते.

"आत्या, गोळ्या पोटात जातात, पण रक्तात उतरत नाहीत. चौदा गरोदर बायकांतल्या तेरा जणींचं असंच आहे. आपल्या लोकांच्या रक्तातच काहीतरी वेगळं आहे. वहिनीचं दंडातलं रक्त पुण्याला पाठवायला हवं."

आन् मी न्हाई म्हणाले.

का न्हाई म्हणाले? माझी मर्जी. रक्त कमी हाय म्हणताय आन् वरनं काढताय, हे कुठलं शानपण? तू मला साऱ्या वाडीसमोर अडाणी म्हणालीस. म्हणालीस, तुझ्यासारख्यांमुळंच आपल्या बायका मरतात. म्हण बाय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. संशोधन करणारी तू, आदिवासी बायकांच्या बाळंतपणावर फेलोशिप मिळवलेली तू, मी कोण?

एक मात्र ध्यानात ठेव. नेम तूच घातलास, रिकामी पट्टी द्या आन् भरलेली घ्या. दर महिन्याला घरोघर फिरून पट्ट्या गोळा केल्या कुणी? मी. रबर लावून तुझ्या हातात दिल्या कुणी? मी. एकबी कमी पडली न्हाई. आणखी काय पायजे तुला?

चिंगीच्या पायावर थोडी सूज हाय. जास्त न्हाई. येऊन बगून जा.

तुझी आत्या,
शालन

ठाकरवाडी,
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

आरती,

तुझा निरोप शिदूनं सांगितला. "वेळ नाही. वहिनीचं रक्त द्या, मग येते." बरं. माझ्या पत्राला येवढंच उत्तर मिळालं.

तुझं नाव छापून आलेलं आमाला खालच्या गावातल्या नंदाबाईंच्या पप्पूनं दाखवलं. भात बेणायला गेलतो त्यांच्या खाचरात, तितं बांधावर उभं राहून त्यानं मोबाइलवरनं मोठ्यानं वाचलं. फेलोशिप आणखी दोन वर्सं वाढवली, आता मावळातल्या समद्या वाड्यांमधल्या बायकांचं रक्त तपासणार, गोळी लागू का पडत न्हाई ते शोधणार. फोटोत तू ती निळी साडी नेसलीस, मी दिलेली. तुझ्या वहीतल्या जानूनं मोबाइल हातात घेऊन तुझ्या फोटोवरनं बोट फिरवलं आन् पप्पूनं तो पुसून परत घेतला. मला लय अभिमान वाटला. खरं सांगते, पयल्यांदा अभिमानच वाटला.

मग पप्पू म्हणाला, "मावशी, तुमचं रक्तच येगळं निघालं की!" पोरगं वाईट न्हाई, थट्टा केली त्यानं. पण नंदाबाईंनी ती थट्टा घरात नेली. काल मला बोलावून म्हणाल्या, "शालन, कापणीला औंदा तुमच्या बायका नगं. कुणी चक्कर येऊन विळ्यावर पडली तर आमच्या गळ्यात येईल. आजार हाय म्हणं तुमच्या जातीत." चाळीस वर्सं त्यांचं भात आमी कापतोय आरते, अजून एकबी विळ्यावर पडलेली न्हाई. मी तशीच घरी आले. बोलाय गेले असते तर वेगळंच तोंडातनं निघालं असतं.

तू हे छापाय दिलंस ते पक्कं हाय ना? म्हंजे बदलता येतं का मागनं? सहज इचारते. आता येवढ्या बायका, येवढ्या गोळ्या. कुणाची कधी एखादी ऱ्हायली बी आसंल. कामाच्या रगाड्यात इसरतं माणूस. वहीत तसा एखादा रकाना हाय का?

चिंगीला दम लागतो. पाण्याची कळशी मी बंद केली तिची. खाणं मी तिला बेतानंच देते, अर्धी भाकर आन् कोरड्यास. आठव्यात असंच देतात, तुला ठावं हाय. पोरगी गुणी, भूक लागली तरी मागत न्हाई. पण काल चुलीपुढं बसली व्हती तर जाळाचा उजेड तोंडावर पडूनबी तोंड पांढरंच दिसत व्हतं. शिदूनं मला बाजूला घेतलं आन् म्हणाला, आये, मी आरतीचं ऐकणार हाय. मी हो म्हणाले.

सोमवारी तिला मोठ्या दवाखान्यात नेतोय. रक्त देऊ. जीव निवला ना तुझा?

शालन आत्या

ठाकरवाडी,
मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५

आरती बाय,

हे पत्र वाचल्याबरोबर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंना फोन कर. पयला फोन, मग पुढचं वाच.

केलास? आता वाच.

तू शिदूजवळ जो कागद दिलतास, इंग्रजीतला, तो त्यांनी बावीस तारखेला, सोमवारी, दोनदा वाचला. मग मला मराठीत सांगितला. बाईनं सगळ्या गोळ्या नियमानं घेतल्यात, पट्ट्या मोजून खात्री केलीय, तरी रक्त वाढत न्हाई. त्या म्हणाल्या, "असं असेल तर हा साधा अशक्तपणा नाही. दुसरा काही आजार असला तर सुईतून लोह देणं बरं नाही. दंडाचं रक्त तपासायला पाठवते. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतील." मग त्यांनी चिंगीला इचारलं, "गोळ्या खाल्ल्या ना गं तू? खरं सांग."

चिंगीनं माझ्याकडं बगितलं. मी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडं बगत बसले. ती म्हणाली, "व्हय."

एकबी न्हाई खाल्ली आरते. बारा पट्ट्यांतली एक गोळी तिच्या पोटात गेलेली न्हाई. मी जाऊ दिली न्हाई.

तिच्या एकटीचं न्हाई, तेरा जणींचं तेच. तुला ठावं हाय आपल्याकडं काय मानतात. गोळ्यांनी पोर पोटात फुगतं, मग अडतं, मग बाई जाती. तू कॉलेजात शिकलीस म्हणून तुला ती अंधश्रद्धा वाटती. वाटूंदे. पण तू पयल्या महिन्यात पट्ट्या घेऊन आलीस तवा तुला तोंडावर न्हाई म्हणायची कुणाची छाती झाली न्हाई. वाडीतली पयली पोरगी येवढी शिकलेली, तिचंच काम आपण अडवायचं? आमी झऱ्यावर बसून ठरवलं. कुणीतरी म्हणालं, पट्ट्या परत न्हाई गेल्या तर पोरीची शिष्यवृत्ती बंद करत्याल. मग मीच म्हणाले, पट्टीच पायजे ना तिला? पट्टी देऊ. गोळ्या दाबून काढायच्या, चुलीमागच्या राखेत पुरायच्या, आन् पट्टी शालनकडं द्यायची. बायका तर खूश झाल्या. आपली आरती मोठी व्हतीय, आपण तिला हातभार लावतोय, असं वाटायचं आमाला. दर महिन्याला तू पट्ट्या मोजायचीस, तुझं तोंड खुलायचं, आन् घरी येऊन आमी एकमेकींना सांगायचो की आज लय हसली.

जानू तेवढी चोरून खायची. तिच्या नवऱ्यानं आणलेल्या गुळात घालून. तिचं रक्त अकरा भरलं तर तू वहीत लिवलंस की ही एकटी येगळी कशी, हिच्याबी रक्ताचा शोध घ्यायचा. ती माझ्यापाशी येऊन रडली, म्हणाली, "आत्या, मला वाडीतनं काढणार न्हाईत ना?" खाल्ल्या म्हणून घाबरली ती. आता मला कळतंय, त्या दिवशी मला तुझ्याकडं पळत यायला पायजे व्हतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं ऱ्हात न्हाई.

पण मी न्हाई आले. तुझा फोटो छापून आलता.

डॉक्टरीण बाईंसमोर माझी जीभ का उचलली न्हाई, ते मला इचारू नगंस. सून बसलीय पांढरीफटक, तोंड उघडलं की सुई मिळती, आन् मी भिंतीवरचं चित्र बगते. मला लाज वाटली तुझ्या कागदाची. तू लिवलेलं खोटं ठरंल, तुला लबाड म्हणत्याल, असं मनात आलं. म्हंजे सुनेपरीस तुझा कागद मोठा धरला मी. झालं आता लिवून.

शिदू उद्या सकाळच्या गाडीनं येतोय. तूच सांग डॉक्टरांना. तुझं ऐकत्याल.

आत्या

दवाखाना,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

आरती,

शिदू मागचं पत्र तुमच्या हॉस्टेलच्या वॉचमनकडं ठेवून आला. तू तुझं संशोधन सांगायला दिल्लीला गेलीयस, तुझा फोन बंद. म्हंजे तिकडं टाळ्या वाजत आसतील तवा हितं काय चाललं व्हतं ते तुला अजून ठावंच न्हाई. म्हणून क्रमानं लिवते.

शनवारी सकाळी चिंगी वट्यावरनं उठली आन् बसल्या जागीच कलली. पोटात कळा बी सुरू झाल्या, दिवस भरले नव्हते तरी. झोळीत घालून खाली रस्त्याला आणली. खालच्या गावातल्या हौशीराम भाऊंनी पिकअप काढली, नंदाबाई स्वतः मागं बसल्या तिचं डोकं मांडीवर घेऊन. कापणीला नगं म्हणालेल्या त्याच नंदाबाई. आन् रस्ता बग. दसऱ्याला जोडून सुट्ट्या, पुण्या-मुंबईच्या गाड्या भुशी धरणाकडं लागलेल्या, मुंगीला वाट न्हाई. लोक गाडीच्या टपातनं डोकं काढून कणसं खात व्हते. हौशीराम भाऊ उतरून एकेका गाडीच्या काचेवर हात मारत पुढं चालले, "बाळंतपणाची बाई हाय, बाजू द्या," म्हणत. मी चिंगीचा हात धरला व्हता. तो गार व्हता.

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरीण बाईंनी बोट टोचलं. पाच. त्यांनी फाईल उघडली, तुझा कागद वर काढला. नर्सला म्हणाल्या, रिपोर्ट आला का बघा, आजार कुठला ते कळल्याशिवाय मी काय देऊ हिला?

तवा मी बोलले. मला वाटलं व्हतं मी रडंन, पण न्हाई रडले. म्हणाले, "बाई, त्या कागदावर लिवलेलं खोटं हाय. लिवणारीला ते ठावं न्हाई. हिनं एकबी गोळी खाल्लेली न्हाई. मी खाऊ दिली न्हाई, आन् पोटभर भाकर बी दिली न्हाई."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे साधी लोहाची कमी? आणि मी बारा दिवस आजार शोधत बसले? अहो, त्या सोमवारी तुम्ही इथंच होतात ना? मी विचारलं होतं ना?"

"व्हय. मी गप बसले."

मला वाटलं मारत्याल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या वळल्या आन् पळाल्या. दोन बाटल्या रक्त चढवलं. पयली शिदूनं दिली. दुसरीला कोण, म्हणून बगतोय तर पप्पू बाही वर करून बसलेला. त्याला म्हणाले, अरे, आमचं रक्त येगळं हाय ना? तर म्हणाला, "मावशी, आता जाऊंद्या ना."

दुपारी चारला पोरगी झाली. दोन किलोला कमी. काचेच्या पेटीत ठेवलीय. चिंगी हाय. जित्ती हाय, एवढंच म्हणते मी अजून, पण आज सकाळी तिनं भाकर मागितली. मागितली गं, तोंडानं. दोन खाल्ल्या.

तू आल्यावर मला काय बोलायचं ते बोल. पण आदी चिंगीजवळ बस.

आत्या

ठाकरवाडी,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

माझ्या आरतीस,

तू आलीस, चार दिवस चिंगीच्या उशाला बसलीस, आन् माझ्याशी एक शबुद बोलली न्हाईस. मी डबा आणायचे, तू घ्यायचीस, खायचीस, डबा धुवून परत द्यायचीस. ठीक हाय. तेवढं तरी मला मिळालं.

पण काल शिदूनं जे सांगितलं त्यानं माझ्या जिवाचं पाणी झालं. तू म्हणं फेलोशिप देणाऱ्या समितीला लिवून दिलंस की हे संशोधन चुकलं, आन् चूक तुझी एकटीची. "मी पट्ट्या मोजल्या, बायकांना विचारलं नाही." उद्या सोमवारी तुला समितीपुढं बोलावलंय, फेलोशिप काढून घेत्याल, पैसेबी परत मागत्याल. आन् तू एका शब्दानं आमचं नाव घेतलं न्हाईस.

कुणी सांगितलं तुला असला मोठेपणा करायला? पट्ट्या रिकाम्या केल्या आमी, राखेत गोळ्या पुरल्या आमी, आन् शिक्षा खाणार तू? उद्या आमी येतोय पुण्याला. चिंगी बाळंतीण, ती सोडून वहीतल्या समद्या. जानूबी. कापणी अर्ध्यावर हाय, नंदाबाई म्हणाल्या, जावा, भात कुटं पळून जात न्हाई. त्यांच्या पप्पूच्याच टेम्पोतनं येणार. साहेबांना सांगणार हाय की पोरगी खोटं बोलली न्हाई, तिला खोटं दिलं. आन् काम बंद करू नगा, म्हणणार हाय, कारण आता कुटं खऱ्या कामाला सुरुवात व्हईल. आता आमी खरं सांगू.

तर ते इचारत्याल, का न्हाई खाल्ल्या? शिकलेली माणसं पयलं तेच इचारत्याल. तवा मला जे सांगावं लागंल ते तू परक्या लोकांमधी बसून पयल्यांदा ऐकू नयेस. म्हणून आज लिवते. शिदू संध्याकाळच्या आत तुझ्या हातात दील.

तुझ्या आयचं, ठकूचं, ते पयलंच बाळंतपण. तवाबी सिस्टर यायची, गोळ्या द्यायची. माझा लय ईश्वास त्यांच्यावर, सातवी शिकलेली ना मी. मी सोताच्या हातानं ठकूला गोळ्या चारल्या, एक दिवस चुकवला न्हाई. अंडी, नाचणी, काय काय दिलं. गाल वर आले व्हते तिचे. मग कळा लागल्या त्या दोन दिवस. तू अडलीस. डोलीत घालून कामशेतला निघालो, चार तासांची वाट, निम्म्या उतारावर तू आलीस. तूही आलीस आन् तिचं रक्तबी गेलं, थांबेचना. रस्ता दिसाय लागला तवा ती संपली व्हती. तुला मी पदरात घेतलं. तू इतकी जड व्हतीस, माझा हात भरून आला.

तितंच, डोलीपाशी, तुझी आजी म्हणाली, "पोरगी आयला खाऊन आली." तुझा बाप भिकाजी तुझ्याकडं बगेना. डोली वाहणारे गडी बगेनात. तुला ठावं न्हाई आपल्या लोकांत त्या शब्दाचा अर्थ काय व्हतो. आशी पोरगी कुणी उचलत न्हाई. तिच्या तोंडाला कुणी दूध लावत न्हाई. दोन दिवसांत आपोआप मिटतं समदं.

तवा मी वरडले. म्हणाले, पोरीला कुणी काय म्हणायचं न्हाई. पोरीनं न्हाई खाल्ली, गोळ्यांनी खाल्ली. सरकारी गोळ्यांनी पोर फुगलं, मीच चारल्या, मला काय बोलायचं ते बोला.

आन् त्यांनी मानलं.  मी तुला घरी आणलं.

ते मी तवा बोलले तेवढ्यापुरतं बोलले. पण पुढच्या साली एकीनं गोळ्या टाकून दिल्या, म्हणाली, शालन सांगती ना. मग दुसरीनं. मी काय म्हणणार? गोळ्या चांगल्या हायेत म्हणाले असते तर मग ठकू कशानं गेली, आसं इचारलं असतं, आन् बोट पुन्हा तुझ्याकडं वळलं असतं. तू चार वर्सांची, सहा वर्सांची, अंगणात खेळत असायचीस. म्हणून मी दरसाली तेच सांगत ऱ्हायले. सांगून सांगून मलाबी खरं वाटाय लागलं. चिंगीच्या येळंला तर मी मनापासून भ्याले व्हते, देवाशपथ.

त्या डॉक्टरीण बाईंना मी परवा ठकूचं इचारलं. त्या म्हणाल्या, येवढ्या वर्सांनी पक्कं काय सांगणार, पण गोळ्यांनी कुणी मरत न्हाई, चार तास रस्ता नसला की मरतं. आन् तुझ्यामुळंबी न्हाई. हे मी दोनदा इचारून घेतलं.

तू तुझ्या वहीत लिवलंस की वाडीत गोळ्यांबद्दल जुना गैरसमज हाय. जुना न्हाई आरते. तुझ्या वयाचाच हाय. तो मी सुरू केला, तुला घरी आणता यावं म्हणून, आन् त्याच्यापायी चिंगी जाता जाता ऱ्हायली. आदी कुणी गेली आसंल तर ती मला ठावं न्हाई, आन् मोजायची माझी छाती न्हाई.

उद्या अकराला आमी तुमच्या समितीच्या दारात आसू. हे वाचून मला आत घ्यायचं का न्हाई ते तू ठरव. बाकीच्या बायकांना मात्र घे. त्यांनी माझं ऐकलं, एवढाच त्यांचा दोष.

शालन